रानपिंगळा मनहूस नाही





लहानपणी आमच्या धाब्याच्या घरावर संध्याकाळी घुबड येऊन बसलं की दादी म्हणायची, "हाकला त्याला, मनहूस आहे." आणि आम्ही पोरं दगड उचलायचो. तुमच्यापैकी कितीजणांनी असे दगड मारलेत, हे मी विचारत नाही. मी मारलेत, एवढं सांगतो.

पुढे हदीस वाचताना 'हामा' हा शब्द भेटला. इस्लामपूर्व अरबांची एक समजूत होती. खून झालेल्या माणसाचा बदला घेतला नाही, तर त्याचा आत्मा घुबड होऊन ओरडत फिरतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही समजूत साफ नाकारली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. चौदाशे वर्षांपूर्वी ज्याला मूठमाती दिली, ते आम्ही खानदेशात धाब्यावर जपून ठेवलं होतं!

आज मला एका घुबडाविषयीच बोलायचं आहे. त्याचं नाव रानपिंगळा. मूठभर आकाराचा हा पक्षी भारताबाहेर कुठेही नाही, आणि भारतातही मोजक्या जंगलांतच आहे. त्यातलं एक आपलं सातपुड्याचं. इतर घुबडांसारखा हा रात्रीच बाहेर पडत नाही; दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे खातो. जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो.

1873 मध्ये ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. हे तेच ह्यूम, ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. नंतर खानदेशात नोकरीला असलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी इथून काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र रानपिंगळा कोणाला दिसला नाही. डॉ. सलीम अली यांच्यासारख्यांनी शोधूनही सापडला नाही. तो नामशेष झाला, असंच बहुतेकांनी धरलं.

इथे एक लबाडी आडवी आली होती. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, आपल्याला 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळाला, असा दावा केला होता. प्रत्यक्षात तो डेव्हिडसन यांचाच नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासून ही चोरी उघड केली. मग त्यांनी खोटं ठिकाण वगळलं, फक्त खऱ्या नोंदींचा माग घेतला आणि सहकाऱ्यांसह सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. 25 नोव्हेंबर 1997 ला, शहाद्याजवळ, एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतर जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो आढळला.

एका खोट्या चिठ्ठीने लोकांना चुकीच्या जागी शोधायला लावलं. आपणही या जमिनीवर एक खोटी चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय: 'ओसाड'. उन्हाळ्यात सागाची, अंजनाची पानं झडली की आपण म्हणतो, काय राहिलंय तिथे? पण कोरड्या मुलखाचं जंगल असंच असतं. त्या उघड्या फांद्यांवरून रानपिंगळ्याला जमिनीवरचा सरडा दिसतो. ओसाड म्हटलं की अतिक्रमण सोपं होतं, झाड तोडणं सोपं होतं. आणि ढोली असलेलं जुनं झाड एकदा गेलं, की रोप लावून पुढची कित्येक वर्षं ढोली मिळत नाही.

मग जंगलाला कुंपण घालून माणसं बाहेर काढायची का? नाही. यावल, रावेर, चोपड्याच्या त्या पायथ्याशी तडवी राहतात. ते आपले कलमा पढणारे भाऊ आहेत. शहरातले आपण त्यांना 'जंगली' म्हणून हसतो, हे या सभेत मान्य केलं पाहिजे. सरपण, चराई, डिंक, मोह यांवर त्यांचं आणि शेजारच्या पावरा बांधवांचं घर चालतं.

अरबस्तानात कोरड्या मुलखातली कुरणं राखायची एक पद्धत होती: 'हिमा'. हजरत उमर (रजि.) यांनी अशा राखीव कुरणाच्या रखवालदाराला काय बजावलं, ते बुखारीत आहे. थोडी मेंढरं, थोडे उंट असलेल्या गरिबाला आत येऊ दे. मोठे कळप असलेल्या धनिकांना मात्र अडव. त्यात त्यांनी नावं घेतली ती अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांची! म्हणजे राखायचंही आणि गरिबाचं पोटही सांभाळायचं. आपल्या देशाचा 2006 चा वनहक्क कायदाही ग्रामसभेला हक्कांबरोबर जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार देतो.

तुम्ही काय कराल? तीन गोष्टी.

पहिली: घरातून 'मनहूस' हा शब्द काढा. जादूटोण्यासाठी घुबड पकडणारा, विकणारा आपल्या मोहल्ल्यातला असला तरी वनखात्याला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

दुसरी: तुमच्यात शिकलेले आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत. पायथ्याच्या गावांत जा, ग्रामसभेचे सामूहिक वनहक्काचे दावे भरायला मदत करा. ज्याचा हक्क कागदावर येतो, त्यालाच जंगल उद्यासाठी राखणं परवडतं.

तिसरी: ज्यांच्या घरी केळी, कापूस आहे त्यांनी उंदरांचं विष जपून वापरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, की ते विष त्याच्याही पोटात जातं. आणि उंदीर मारण्याचं काम तर तो फुकट करतो.

रानपिंगळा पाहायला जाल तेव्हा मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. लांब उभे राहा. माझ्या हातून दगड सुटले ते परत येत नाहीत. तुमचे हात अजून मोकळे आहेत. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो.

वस्सलाम.