तळं राखणारे आणि तळ्यातले मासे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



गणपतीच्या मांडवात माशांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. पण विषय ताटातल्या माशाचा नाही, तळ्यातल्या माशाचा आहे. मी सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमाचं. म्हणून साधंच सांगतो.

चीनमध्ये यांगत्से नदीला जोडलेलं पोयांग नावाचं प्रचंड सरोवर आहे. 1 जानेवारी 2021 पासून नदी आणि हे सरोवर दोन्हींत दहा वर्षं मासेमारी बंद आहे. दहाच का? तिथले मोठे कार्प मासे अंडी घालण्याजोगे व्हायला तीन-चार वर्षं लागतात. दोन-तीन पिढ्या निर्वेध वाढाव्यात, हा हिशेब.

फरक दिसू लागला. माशांवर जगणारा, पाठीवर पर नसलेला पोरपॉइज 2017 मध्ये 1012 उरला होता. 2022 च्या गणनेत 1249 भरला. पण यांगत्सेतला प्रचंड पॅडलफिश त्याच 2022 मध्ये कायमचा नामशेष म्हणून जाहीर झाला. त्याच्यासाठी बंदी उशिरा आली. शिवाय त्या वर्षीच्या दुष्काळात पोयांग पार आटलं. म्हणजे जाळं थांबवणं पुरेसं नाही, पाणीही हवं. आणि सुमारे 2 लाख 31 हजार मच्छीमारांना दुसरा धंदा शोधावा लागला, हेही विसरू नये.

आता आपल्या घरचं. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजव्याच्या सयाजी सरोवराचं पाणी वडोदरा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पितं आहे. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडचे मोठे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. आषाढ-श्रावणात पूर आला की वाहत्या, पसरलेल्या पाण्याकडे चढतात. म्हणून तलावाला मिळणारे नाले बुजले, की एकही जाळं न टाकता त्यांचा वंश खुंटतो. उलट बाहेरून आलेला तिलापिया साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि जागा बळकावतो. तेव्हा नुसते "मासे वाढले" म्हणून भागत नाही. कोणते वाढले, ते विचारावं.

आपल्याकडे श्रावण पाळतात, पण त्याआधी आषाढात गाभोळीचा मासा मुद्दाम शोधतात. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत दोन-तीन लाख अंडी असतात. ती एक गाभोळी सोडली, तर तो आपल्या घरापुरता मासेमारीबंदीचा कायदाच झाला.

म्हणून तीन विनंत्या. आषाढात गोड्या पाण्यातला गाभोळीचा मासा घेऊ नये. घरच्या काचपेटीतले मासे तलावात सोडू नयेत. विसर्जन कृत्रिम तलावातच करावं. आणि सरकार कधी बंदी घालेल, तर त्या महिन्यांत मच्छीमाराची चूल पेटती राहील, हेही आपणच मागावं. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात; राखणाऱ्यांत तोही हवा.

गणपती बाप्पा मोरया!