गवत कापणीचे यंत्र सुरू होत नाही तेव्हा
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



जून महिन्यात शाळा उघडतात आणि पाहता पाहता पटांगणात गुडघाभर गवत माजते. त्याच गवतातून मुले ये-जा करतात आणि त्यातच साप-विंचवांना आसरा मिळतो. पेट्रोलवर चालणारे कापणीयंत्र खोलीत असते. पण वीस वेळा दोरी ओढूनही ते सुरू होत नाही. मग ‘यंत्र निकामी’ असा शेरा पडतो व नव्या खरेदीचा ठराव येतो. माझे सांगणे एवढेच की, हा शेरा मारण्यापूर्वी अर्धा तास खर्च करावा.

इंजिनाला ताजे इंधन, हवा आणि योग्य वेळी ठिणगी हवी असते. तपासणीही याच क्रमाने करावी. हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. अन्यथा पाते अचानक फिरून बोटे गमावण्याचा धोका असतो.

बहुतेक वेळा दोष इंधनाचा असतो. पावसाळा संपल्यावर टाकीत राहिलेले पेट्रोल सात-आठ महिन्यांत शिळे होते. त्यातील लवकर पेटणारा अंश उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजवतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि पाणी टाकीच्या तळाशी साचू शकते. म्हणून जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, तोटी उघडी असल्याची खात्री करावी आणि कार्ब्युरेटर स्वच्छ करवून घ्यावा. दोनघाती इंजिन असल्यास उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच पेट्रोलमध्ये तेल मिसळावे.

त्यानंतर हवेची गाळणी झटकावी व प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. ओला असेल तर इंधन जादा झाले आहे; प्लग पुसून, चोक बंद ठेवून दहा मिनिटे थांबावे. प्लग काजळलेला असल्यास बदलावा. नवा प्लग ही थोड्या खर्चाची परीक्षा आहे.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही आणि पाते पूर्वी दगडावर आदळले असेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकलेली असू शकते. हे काम मात्र कारागिराकडेच सोपवावे.

शेवटी एक विनंती. पावसाळ्याअखेर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि त्या दिवसाची नोंद वहीत करावी. ही एक ओळ लिहिली गेली, तर पुढील जूनमध्ये शाळेचे पटांगण मुलांसाठी वेळेवर मोकळे होईल आणि गावाचा पैसाही वाचेल.