क्षयाच्या गोळीबरोबर घरच्यांना डाळही

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर क्षयाचा विषय निघाला की बोलणे गोळ्यांपाशी थांबते. गोळ्या हव्यातच. पण क्षयाचे जंतू अंगात शिरलेल्या दहांपैकी साधारण नऊजणांना हा आजार जन्मभर होत नाही, तेही गोळीवाचून. जंतूला आधी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतली भक्षक पेशी गिळते. पण हा चिवट जंतू तिच्याच आत वाढू लागतो. मग ती पेशी जंतूच्या प्रथिनांचे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर आणते आणि टी पेशी ते ओळखतात. काही टी पेशी भक्षक पेशीला आतला जंतू मारायचे बळ देतात. दुसऱ्या, मारक टी पेशी, रोगट पेशीला चिकटून परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्रे पाडतात, त्यांतून ग्रॅन्झाइम आत सोडतात आणि तिला संपवतात.

या पेशी सतत नव्याने घडाव्या लागतात, त्या खाल्लेल्या अन्नातून. कुपोषणात छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, आणि टी पेशी तयार होतात त्या तिथेच. भात झोडून झाला की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या ताटात डाळ किती असते, हा प्रश्न म्हणून क्षयाचाच प्रश्न आहे. कोणी म्हणेल, हा नुसता तर्क झाला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत तो तपासला गेला. रुग्णांना सगळीकडे शिधा मिळालाच. काही ठिकाणी घरच्या माणसांनाही दरमहा माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नवा क्षय 39 टक्क्यांनी कमी झाला. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही आदिवासी वस्ती मोठी आणि भात हेच मुख्य अन्न, तेव्हा हा दाखला आपल्याला परका नाही.

खात्यापित्या घरांतही क्षय होतो, हेही खरे. मधुमेह किंवा एचआयव्हीने हीच यंत्रणा दुबळी होते, आणि कोंदट खोलीत जंतूंचा मारा फार असतो. त्याने अन्नाचे महत्त्व कमी होत नाही. उलट, जेवण सुधारले म्हणून गोळ्या सोडणे घातकच. जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला नोव्हेंबर 2024 पासून महिना 1,000 रुपये मिळतात. घरच्यांचा शिधा मात्र बराचसा दात्यांवर, निक्षय मित्रांवर सोपवला आहे. तो रेशनच्या दुकानातून, हक्काने मिळावा. आणि कुटुंब भट्टीवर गेले तर तिथेही मिळावा. ग्रामसभांनी तसा ठराव करून तो तालुक्याला पाठवावा, ही माझी विनंती आहे.