राखेचं पाणी कुठून निसटतं

लोधिवली, चौक, मोहोपाडा या पट्ट्यात राहून वीज केंद्राच्या सांडपाण्याला नावं ठेवायची तर जरा जपूनच बोलावं लागतं. आपली पाताळगंगा भर वैशाखात वाहते, ती एका वीज केंद्राने वापरून सोडलेल्या पाण्यावरच. वळवण, शिरवटा या तलावांतलं पाणी टाटांच्या नळांतून घाट उतरतं, खोपोलीत जनित्र फिरवतं आणि नदीला मिळतं. हे 1915 पासून चालू आहे. कर्जतकडे उल्हास नदीचंही तेच. फक्त केंद्र भिवपुरीचं आणि साल 1922. हे पाणी जनित्राचं पातं फिरवून येतं, तरी होतं तसंच राहतं.

कोळशावरच्या केंद्रातून मात्र पाणी तसंच बाहेर येत नाही. तिथे ते वाफ थंड करतं आणि तापून निघतं. बॉयलरमधून निघताना लोह, तांबं घेऊन निघतं. आणि राख वाहून न्यायलाही पाणीच लागतं. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार, साधारण तीस ते चाळीस टक्के. ही राख पाण्यात कालवून, मैलोन्‌मैल नळांतून, बांध घातलेल्या तलावात सोडतात. राख तळाशी बसते आणि वरचं निवळलेलं पाणी पुन्हा केंद्राकडे न्यायचं असतं. बसत नाहीत ते राखेतले पोकळ, हलके कण. त्यांची पांढुरकी साय पाण्यावर तरंगत राहते. सिमेंटवाले, रंगवाले ती विकत घेतात, म्हणून लोक तलावात उतरून ती गोळा करतात.

चुलीतल्या राखेने आपण भांडी घासली, म्हणून राख म्हटली की आपल्याला भीती वाटत नाही. कोळशाच्या राखेत मात्र आर्सेनिक, पारा, सेलेनियम असतं. थोडं असतं हे खरं. पण तलाव शेकडो एकरांचा आणि राख वर्षानुवर्षं साठलेली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पर्यावरण संरक्षण नियम 1986 चे. त्यात औष्णिक केंद्रांसाठी वेगळा तक्ता आहे. थंड करायला घेतलेलं पाणी परत सोडताना किती गरम चालेल, त्याला मर्यादा आहे. बॉयलरच्या पाण्यात लोह आणि तांबं प्रत्येकी लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत. कूलिंग टॉवरच्या पाण्यात जस्त एक, क्रोमियम 0.2. इथवर बारकाईने लिहिलंय. राखेच्या तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासमोर मात्र तीनच गोष्टी आहेत: सामू, गाळ आणि तेल-ग्रीस. जिथे धातू असायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच तक्ता धातूंबद्दल गप्प. मला तरी हे अजब वाटतं.

अमेरिकेने 2015 मध्ये, कोळशाच्या केंद्रांत धूर पाण्याने धुतल्यावर निघणाऱ्या सांडपाण्याला आर्सेनिक, पारा, सेलेनियम, नायट्रेट यांच्या मर्यादा नावानिशी लावल्या. नंतर तिथेही सरकारं बदलली तशी ओढाताण झालीच. आपल्याकडे त्याच 2015 च्या डिसेंबरात नवा नियम आला. त्याने पाण्याच्या वापराला लगाम घातला आणि 2017 नंतरच्या नव्या केंद्रांनी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, असं सांगितलं. नियम चांगलाच आहे. फक्त तो पाहतो नळाच्या तोंडाकडे, आणि राखेच्या तलावातलं पाणी बहुतेक वेळा नळाने बाहेर जातच नाही.

नागपूरजवळचं कोराडी घ्या. या केंद्राने एक गोष्ट खरोखर नावाजण्यासारखी केली: भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूर शहराचं सांडपाणी वापरायला घेतलं. तेवढं धरणाचं पाणी वाचलं. पण जुलै 2022 मध्ये, भर पावसात, याच केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांत आणि नाल्यांत शिरला. कोराडी आणि खापरखेडा या दोन्ही केंद्रांच्या परिसरातून कोलार आणि कन्हान नद्या जातात, आणि कन्हानचं पाणी नागपूरकर पितात. बांध फुटल्यावर सामू किती नि गाळ किती हे कोणाला विचारायचं? न फुटलेला बांधही झिरपतो, विहिरीत उतरतो. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला की वरचं पाणी वाट काढतंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप राखेच्या मागे गेलं पाहिजे. बांधाच्या पायथ्याशी निरीक्षण विहिरी हव्यात, त्यांच्या पाण्यात पारा आणि आर्सेनिक तपासलं जावं, आणि तेही पावसाळ्यात. उन्हाळ्यातला नमुना घेऊन तलावाची परीक्षा पास करणं सोपं आहे. केंद्राला चालवायची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. त्या संमतीपत्रात जादा अटी घालायला कोणी अडवलेलं नाही. डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणायला सांगितली आहे. ती विटांत, सिमेंटात, रस्त्यात कोरडीच गेली तर तलावाची गरजच कमी होईल. हा उपाय मला सगळ्या तपासण्यांहून जास्त पटतो.

लोधिवलीच्या आसपास कोराडीएवढं केंद्र नाही. पण रसायनीचे कारखाने आहेत, नदी आहे आणि ज्याला त्याला पाण्याची बाटली भरून पुरावा गोळा करायची हौस आहे. त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. 1974 च्या जल कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे, कोर्टात चालणारा नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो. तो घेताना कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या. आपण भरलेल्या बाटलीने खटला उभा राहत नाही. तेव्हा पाणी काळं दिसलं की आधी वेळ आणि जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि त्याच दिवशी मंडळाकडे लेखी तक्रार द्या. दोन दिवस उशीर झाला, तर मंडळाचा माणूस येईपर्यंत घाटावरून आलेल्या पाण्याने ते केव्हाच खाडीला नेलेलं असतं.