सरपंचबाईंची सही



आज आम्ही तुम्हांला एका सहीची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या प्रौढ वर्गात एक बाई येत असत. त्यांच्या गावचे सरपंचपद बाईसाठी राखीव झाले आणि त्या सरपंच झाल्या. पण खुर्चीत कोण बसे? त्यांचे यजमान. बाई घरी भाकऱ्या थापीत. कागद घरी येई. यजमान बोट ठेवून सांगत, "इथं सही कर." बाई सही करीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत!

एकदा बाईंनी विचारले, "गुरुजी, सही केली म्हंजे झालं न्हवं? आत काय लिवलंय, ते मला काय ठावं?"

आम्ही म्हणालो, "बाई, सही तुमची, म्हणून जाबही तुम्हांलाच. उद्या घोळ झाला, तर नोटीस तुमच्या नावाने येईल."

बाई गप्प झाल्या. पण दुसऱ्या दिवशी नळाच्या कामाचे बिल घेऊन वर्गात आल्या. अक्षराला अक्षर जोडून त्यांनी ते वाचले. मग म्हणाल्या, "गुरुजी, यात ४० पाइप लिवलेत. मी त्याच वाटेनं पाण्याला जाते. चर खणला तवा मी मोजलेत. २८ च हायती!"

त्यांनी सही केली नाही. ठेकेदार घरी आला. यजमान रागावले. बाई एकच बोलल्या, "पाइप मोजून दावा, मग सही." पाइप मोजले. बिल दुरुस्त झाले. मगच सही झाली. त्या दिवशी बाई खऱ्या सरपंच झाल्या.

बायांना ही खुर्ची कशी मिळाली? २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतीत तीन जागांपैकी निदान एक जागा बाईला, असे ठरले. महाराष्ट्राने २०११ साली निम्म्या जागा बायांना दिल्या. सरपंचपदेही त्यात आली.

राखीव जागा नसल्या तर काय होते? दिल्लीच्या लोकसभेचे पाहा. २०२४ च्या निवडणुकीत तेथे बायांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या नव्हत्या. ५४३ जागांपैकी फक्त ७४ जागी बाया निवडून आल्या.

म्हणजे कायद्याने बाईसाठी खुर्ची मांडली. तीत बसायचे मात्र आपले आपणच.

भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा भरते. तसा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्या सभेला जा. पाणी, शाळा, रस्ता, जे अडले असेल ते बोला.

बंधूंनो, तुमच्या घरच्या बाईला पद मिळाले, तर तिला सोबत करा, हिशेब समजावून द्या. पण खुर्चीत तिलाच बसू द्या.

आणि सर्वांनीच एवढे ध्यानात ठेवा. आधी वाचा. मग विचारा. मगच सही करा.