चावी हाती, पण पाठीशी कोण?

(जागा खरेदी-विक्रीच्या व्यवसायातील महिलांच्या पुणे येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या व्यवसायाला समाज अजूनही 'दलाली' या एकाच शब्दाने ओळखतो. वास्तविक सामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी आपल्या साक्षीने होते. वाकडचा दोन खोल्यांचा फ्लॅट असो, की वाघोलीच्या पुढचा एखादा प्लॉट असो. एका कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी तेथे लागलेली असते. हे काम विश्वासाचे आहे आणि ते स्त्रिया उत्तम करतात, हे आता निराळे सिद्ध करावयाची गरज उरलेली नाही.

पण या कामाचे स्वरूप जरा बारकाईने पाहा. बँकेतल्या बाईच्या पुढे काउंटर असते, शिक्षिकेच्या भोवती वर्ग असतो, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाकेच्या अंतरावर कंपाउंडर असतो. आपले कामाचे ठिकाण म्हणजे रिकामे घर. लिफ्ट अजून सुरू झालेली नाही, शेजारी राहावयास आलेले नाहीत, वॉचमन जेवावयास गेलेला आहे, आणि सोबत आहे तो दोन दिवसांपूर्वी फोनवर ओळख झालेला गृहस्थ. येणारे बहुतेक सारे सज्जनच असतात. प्रश्न त्या एकाचा आहे, जो सज्जन नसतो.

हा प्रश्न काही आपल्याकडेच निर्माण झालेला नाही. २८ जुलै १९८६ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात सुझी लॅम्प्लू नावाची २५ वर्षांची इस्टेट एजंट एका ग्राहकाला घर दाखविण्यासाठी कचेरीतून बाहेर पडली. कचेरीतील रोजनिशीत तिने वेळ लिहिली होती, पाऊण वाजता. घराचा पत्ता लिहिला होता. ग्राहकाचे नावही लिहिले होते, मिस्टर किपर. ती परत आली नाही. त्याच रात्री तिची मोटार त्याच भागातील दुसऱ्या रस्त्यावर सापडली. पैशांचे पाकीट आत होते, किल्ल्या नव्हत्या. हा किपर कोण, हे आजतागायत कळलेले नाही. सुझीचा देह मिळाला नाही आणि त्या प्रकरणात कोणावरही खटला उभा राहू शकला नाही. कायद्याने तिला मृत मानण्यात आले, इतकेच.

तिच्या आईने, डायना लॅम्प्लू यांनी, त्याच वर्षी मुलीच्या नावाने एक न्यास स्थापन केला. एकटीने काम करणाऱ्यांची सुरक्षितता हा विषय घेऊन तो न्यास आजही काम करतो. आपल्या लेकीचे नाव दुसऱ्यांच्या लेकींच्या उपयोगी पडावे, एवढीच त्या माउलीची इच्छा असावी.

दुसरी घटना अमेरिकेतील. सप्टेंबर २०१४ मध्ये आर्कान्सा राज्यात बेव्हर्ली कार्टर या अनुभवी एजंटचे, ग्राहक असल्याची बतावणी करणाऱ्याने अपहरण केले आणि पुढे तिची हत्या झाली. ती कोणत्या घरी गेली आहे, हे तिच्या पतीला ठाऊक होते. रात्री उशीर झाल्यावर तो तेथे पोहोचला, तेव्हा दारात तिची गाडी उभी होती, ती नव्हती. हीच का निवडली, असे पत्रकारांनी आरोपीला विचारले, तेव्हा ती एकटीने काम करणारी बाई होती, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. २०१६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

भगिनींनो, मी आपणांस घाबरविण्यासाठी हे सांगितलेले नाही. या दोन्ही स्त्रिया बेसावध नव्हत्या. एकीने पत्ता लिहून ठेवला होता, दुसरीने घरी सांगितला होता. पण समोर येणारा माणूस कोण, हे कोणी पडताळले नव्हते, आणि ठरल्या वेळी ती परतली नाही तर काय करावयाचे, हे आधी ठरलेले नव्हते. तेव्हा तीन गोष्टी दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असल्याच पाहिजेत: मी कोणाबरोबर आहे, कोठे आहे आणि किती वाजता परतणार आहे.

त्यातून काही साध्या सवयी निघतात. पहिली भेट कचेरीत किंवा साईट ऑफिसमध्ये घ्यावी. ओळखपत्राची प्रत मागावी. प्रामाणिक ग्राहकाला त्याचा राग येत नाही. त्याच्या गाडीचा नंबर सहकाऱ्याला कळवावा आणि आपण आपल्याच दुचाकीने जावे. अनोळखी ग्राहकाला जागा दिवसाउजेडीच दाखवावी. वॉचमनला सांगून वर जावे, "दहा मिनिटांत खाली येते." आत शिरताना ग्राहकाला पुढे जाऊ द्यावे, आपण दाराजवळ थांबावे आणि दार उघडे राहू द्यावे. मोबाईल पर्समध्ये नको, हातात हवा. सहकाऱ्याशी एखादे खुणेचे वाक्य ठरवून ठेवावे. "निळी फाईल कपाटात आहे का?" एवढे विचारले, की पलीकडच्याने ओळखावे आणि धावावे. संकट उघड असेल तर सरळ ११२ फिरवावा. आणि मन कचरले तर सौदा सोडावा. ग्राहक दुसरा मिळतो.

मात्र या सवयींच्या आड एक गोष्ट येते. माझ्या परिचयातील एक भगिनी प्लॉट दाखविण्यासाठी ग्राहकाच्या मोटारीतून शहराबाहेर गेली. वाटेत त्याचे बोलणे बदलले. पेट्रोल पंपावर काहीतरी निमित्त काढून ती उतरली आणि रिक्षाने परत आली. प्रसंग निभावला, पण सहा महिने तिने कोणाला सांगितले नाही. का? तर ती म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर उद्यापासून जाऊ नकोस म्हणाले असते. मुलाची फी याच कामातून भरते मी." दरम्यान त्याच माणसाने दुसऱ्या एका एजंट बाईला फोन केला होता. तिला सावध करणारे कोणीच नव्हते.

आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. संकट सांगितल्याची शिक्षा म्हणून काम सुटणार असेल, तर स्त्री सांगणार नाही. आणि ती सांगणार नसेल, तर कोणतीही खबरदारी पुरी पडणार नाही.

कायदा या बाबतीत आपल्या पाठीशी आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, कामानिमित्त आपण जेथे जातो ती जागाही 'कामाचे ठिकाण' मानली आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही संरक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्यात ग्राहकही आला. दहांहून कमी माणसे असलेल्या कचेरीतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत ती करावी लागते, हे लक्षात ठेवा. स्पष्ट नकार दिल्यावरही कोणी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो गुन्हा आहे.

२०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. त्या प्रशिक्षणात सुरक्षिततेसाठी एक तास आपण हक्काने मागावा. आपापल्या भागातील एजंट भगिनींनी एकमेकींना संशयास्पद ग्राहकाची वर्दी देण्याची व्यवस्था आजच, या सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी करावी.

शेवटचे दोन शब्द येथे आलेल्या कुटुंबीयांसाठी. घरातील लेक, सून, पत्नी सायंकाळी परतल्यावर "किती सौदे झाले?" हे जरूर विचारा; पण त्याआधी "आज कोण भेटलं?" असे विचारा. ती काही सांगू लागली, तर मध्येच निवाडा देऊ नका. काम सोड म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा "उद्या मी बरोबर येतो" किंवा "पोहोचल्यावर फोन कर, मी वाट पाहतो" असे म्हणा, आणि खरोखरच वाट पाहा. आपल्या भगिनी इतरांना घरे मिळवून देतात. त्यांना मन मोकळे करता येईल असे घर देणे आपल्या हाती आहे.