लाइन नाही, कार्ड बघा

आज माझीच फजिती सांगतो.

ओळखीतल्या एका क्लासचा सर्व्हर मी सांभाळतो. रविवारी सराव परीक्षेचा निकाल लागला की सगळी पोरं मोबाइलवरून एकदम तुटून पडतात, आणि नेमकी तेव्हाच साइट बसायची. मी सरांना ठोकून दिलं, "सर, लाइन कमी पडतेय." सरांनी दुप्पट पैशांची लाइन घेतली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच! सर काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या रात्री नीट बघितलं. १ गिगाबिटच्या कार्डातून जेमतेम २०० मेगाबिट जात होते. प्रोसेसरचे ८ कोअर, त्यातले ७ निवांत आणि एक १०० टक्क्यांवर. तो एकटा काय करत होता? कार्डाच्या हाकांना ओ देत होता.

म्हणजे कसं, पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. याला म्हणतात इंटरप्ट. गिगाबिटवर अगदी लहान, ६४ बाइटची पॅकेट्स आली तर सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार होऊ शकतात. प्रत्येकासाठी हाक मारली तर प्रोसेसरने बाकीचं काम कधी करायचं? चांगलं कार्ड थोडी पॅकेट्स साठवून एकदाच हाक मारतं. शिवाय आलेला माल वेगवेगळ्या रांगांत लावतं, एकेक रांग एकेका कोअरकडे. माझ्या स्वस्तातल्या कार्डात रांग एकच. बँकेत आठ खिडक्या उघड्या आणि सगळी गर्दी एकाच खिडकीवर, तसं झालं. खोक्यावर मात्र 'गिगाबिट' ठळक छापलेलं!

तर घेताना रांगा विचारा. इंटेलच्या आय२१० चिपमध्ये ४ असतात, आय३५० मध्ये दर पोर्टला ८. दोन्हींचा ड्रायव्हर लिनक्समध्येच येतो. मी जुन्या सर्व्हरमधून काढलेलं आय३५० घेतलं. हां, आय३५० ची नकली कार्डंही बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे नवंकोरं फारच स्वस्त मिळत असेल तर हात आखडता घ्या. आणि आधी मदरबोर्ड उघडून बघा, एक्स४ चं कार्ड एक्स१ च्या छोट्या स्लॉटमध्ये बसत नाही. (हो, हेही मी करून बसलोय.)

लिनक्सवर इथटूल नावाची कमांड आहे. तिला वजा छोटा एल दिला की रांगा दिसतात, वजा मोठा एस दिला की कार्डाने किती पॅकेट्स टाकून दिली ते कळतं. नवं कार्ड लावून मी रात्रभर खोटी गर्दी सोडली, सकाळी आकडे बघितले, मगच सरांना फोन केला.

सर म्हणाले, "अरे, मग ती मोठी लाइन कशाला ठेवायची?"

काढली. जादा गेलेले पैसे माझ्या बिलातून वळते केले. जुनं कार्ड क्लासच्या प्रिंटरवाल्या पीसीत आहे, तिथे मस्त चालतंय.

चला, भेटू पुढच्या भागात.